देवकुंडला जावे कसे: नवशिक्यांसाठी काही पायऱ्या

देवकुंडला जायची पहिली पायरी म्हणजे आपली पायरी न ओळखणं. एवढं जमलं की पुढचं सगळं आपोआप होतं. तुम्ही ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जाता, पर्वतीच्या १०३ पायऱ्या शेवटच्या कधी चढलात ते आठवत नाही, आणि पाण्यात उतरला होतात ते शाळेच्या सहलीत, तेही मास्तरांनी दंड धरून ठेवला होता म्हणून. उत्तम. ही मार्गदर्शिका तुमच्यासाठीच आहे. रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर हिरव्यानिळ्या पाण्याचा एक गोल डोह दिसेल. तिन्ही बाजूंनी काळा कातळ आणि वरच्या खाचेतून सुटलेली एकच जाड पांढरी धार. खाली लिहिलेलं असेल, ‘पुण्यापासून फक्त अडीच तास’. या ‘फक्त’वर पूर्ण विश्वास ठेवा. त्यात गाडीतून उतरल्यानंतरचे दोन-अडीच तास धरलेले नसतात, आणि परत यायचं असतं हे तर फोटो टाकणाऱ्यालाही आठवत नसतं.

जागा रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, भिरा गावामागच्या रानात आहे. कुंडलिका नदी इथूनच निघते असं म्हणतात. पुढे ती कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. एवढा भूगोल पुरे. ग्रुपवर यातलं काही टाकू नका, कुणी वाचत नाही.

दुसरी पायरी म्हणजे हा ग्रुप. त्याला ‘देवकुंड फायनल’ असं नाव द्यावं, म्हणजे काहीच फायनल होत नाही. अठरा जण अंगठा दाखवतील. शनिवारी रात्री अकराच्या सुमाराला एकाची आजी आजारी पडेल, दुसऱ्याकडे अचानक पाहुणे येतील, तिसरा नुसताच ऑफलाइन जाईल. सकाळी साडेपाचला चांदणी चौकात सात जण भेटतील, आणि त्यातला एक कुणाच्याच ओळखीचा नसेल. त्याला सोबत घ्या. पुढे स्पीकर त्याच्याच पिशवीतून निघणार असतो.

तारीख ठरवताना जुलैचा दुसरा रविवार धरावा. पावसाळ्यात देवकुंडला जायला मनाई असते. पूर्वी असा हुकूम कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले, तेव्हापासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आकडा बदलला, पण मजकूर तोच: येऊ नका. आमच्या ग्रुपवर या हुकुमाचा फोटो आला तेव्हा ॲडमिनने खाली लिहिलं, ‘चला, म्हणजे गर्दी नसेल.’ मी त्यावर अंगठा दाखवला होता, हे कबूल करतो.

त्या पहिल्या खेपेला आम्ही भिऱ्याच्या अलीकडेच अडलो. रस्त्यात आडवा बांबू होता आणि त्यामागे एका छत्रीत दोन होमगार्ड. ॲडमिन गाडीतून उतरला, त्याने आपल्या एका काकांचं नाव सांगितलं. छत्रीतल्या मोठ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काकांना पोहता येतं का?” आम्ही गाडी वळवली. ताम्हिणी घाटात टपरीवर कांदाभजी खाल्ली, रस्त्याकडेच्या फूटभर धारेखाली फोटो काढले आणि दिवसभर ‘हे लोक उगाच बाऊ करतात’ या विषयावर एकमत केलं. बाऊ म्हणजे किती, ते सांगतो. पुण्यात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०२४ च्या जुलैत, ज्या दिवशी पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, त्या एका दिवसरात्रीत ताम्हिणीत ५०० मिलिमीटरच्या वर पडला. पुण्याचं आठ-नऊ महिन्यांचं पाणी एका चहापासून दुसऱ्या चहापर्यंत. यातलं बरंचसं ज्या कड्यांवरून खाली उतरतं, त्यांच्याच पायथ्याशी तुम्ही सेल्फी काढायला निघालेले असता.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे होऊन ऑक्टोबरात गेलो. मनाई उठलेली, भात पिवळा पडायला लागलेला, आभाळ निळं.

वाटेत मुळशीचा जलाशय लागतो. इथे गाडीतल्या एकाने तरी ‘अरे, केवढं नैसर्गिक तळं!’ म्हणायचं असतं. ते नैसर्गिक नाही. मुळा नदी अडवून टाटांनी धरण बांधलं. त्यात गावं आणि भातजमिनी जाणार म्हणून मुळशी पेट्यातले शेतकरी १९२१ साली सत्याग्रहाला उभे राहिले, त्यांचे पुढारी सेनापती बापट. धरण तरीही झालं. हे पाणी डोंगराच्या पोटातून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. मुळेचं पाणी एरवी भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जायचं, ते इथे पाठ फिरवून कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे आपण ज्या डोंगराला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणत निघालो आहोत, त्याच्या पोटातून जवळजवळ शंभर वर्षं नळ गेलेला आहे. मी हे गाडीत सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात स्पीकर लागला.

भिऱ्याचं नाव देशभर झालं होतं ते २०१७ च्या मार्चमध्ये, तेही पाण्यासाठी नव्हे. तिथे पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. कोकणातल्या एका हिरव्या गावाने त्या दिवशी विदर्भाला मागे टाकलं.

आता पायताणाची पायरी. बूट पांढरे आणि नवे असावेत, तळ गुळगुळीत असावा. ओल्या कातळावरचं शेवाळ अशा बुटांची वाटच पाहत असतं. पँट जीन्सची घालावी. ती एकदा भिजली की घरी जाईपर्यंत वाळत नाही, आणि चालताना मांडीला जे काही करते त्याचं वर्णन कौटुंबिक मासिकात करता येत नाही. पाठीवर पाच लिटर पाणी, सात प्रकारचे चिवडे आणि लॅपटॉपची सॅक असावी. एकाने लॅपटॉपसुद्धा आणला होता. ‘गाडीत ठेवायला नको वाटलं’ म्हणाला.

आमच्या वाटाड्या मामांकडे यातलं काही नव्हतं. पायात प्लास्टिकचे बूट, हातात कोयता, खांद्याला दोराचं वेटोळं आणि शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी. देवकुंडला गावातला वाटाड्या घेऊनच जायचं असतं. नवशिक्याने इथे तीन गोष्टी कराव्यात. आधी ‘आमच्याकडे मॅप आहे’ असं सांगावं. मग दरात घासाघीस करावी, कारण तिकडे पुण्यात कॉफीला आपण कधी करत नाही, त्याचा वचपा कुठेतरी काढायलाच हवा. आणि तिसरं, अर्धे पैसे आधी द्यावेत, उरलेले ‘धबधबा बघितल्यावर’. ही तिसरी कल्पना ॲडमिनची. मामांनी मान डोलावली आणि विचारलं, “जेवायला किती जण?” ॲडमिन म्हणाला, “ते आल्यावर बघू.” हीदेखील नवशिक्याची खूण. गावात जेवण सकाळी सांगितलं तरच दुपारी मिळतं. भाकऱ्या मोजून थापतात.

वाट सुरुवातीला फसवी सोपी आहे. भिऱ्याच्या धरणाचं पाणी डाव्या-उजव्या अंगाला ठेवत सपाटीवरून जाते, वारा असतो, सगळ्यांना गाणी सुचतात. अर्ध्या तासाने कुणीतरी म्हणतं, “एवढंच ना?” मग रान लागतं. ऐन, किंजळ, हिरडा, मधे कारवीचं दाट रान. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. आम्ही गेलो ते वर्ष बाकीच्या सहांपैकी होतं. झाडीत शिरल्यावर उजेड हिरवा होतो, दगड मोठे होत जातात आणि पायवाट म्हणजे पाण्याचीच जुनी वाट आहे हे कळायला लागतं. एका फांदीवरून शेकरू गेलं. शेपटीची तांबूस झुपकेदार रेघ तेवढी दिसली, बाकी स्पीकरने त्याला थांबू दिलं नाही.

स्पीकरबद्दल मामा एकदाच बोलले. “भाऊ, जरा बारीक करता का? मला पानी ऐकू येत नाय.” आमच्या त्या अनोळखी सोबत्याला हा विनोद वाटला. पाणी ऐकायचं कशाला, समोर दिसतंय की. त्याने आवाज दोन काड्यांनी कमी केला. दोन ओढे ओलांडले तेव्हा पाणी घोट्याच्या वर, पोटरीच्या खाली, काचेसारखं स्वच्छ. बुडातला दगडन् दगड मोजता येत होता. आम्ही उड्या मारत गेलो. मामा प्रत्येक वेळी पलीकडे पोहोचल्यावर मागे वळून ओढ्याकडे बघत होते. मला वाटलं, आमची डोकी मोजतायत.

दुसऱ्या ओढ्याच्या काठावर आम्ही डबे उघडले. दुपारचा दीड वाजला असेल. धबधब्याचा आवाज यायला लागला होता, झाडांच्या मागून सतत कुणीतरी मोठी चादर झटकत असावं तसा. मामा जेवले नाहीत. त्यांनी कारवीची एक काडी तोडली, पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली आणि उकिडवे बसून तंबाखू मळायला लागले. मी जवळ जाऊन बसलो. काही वेळाने त्यांनी पाण्याकडे बोट केलं. चार-पाच पानं वाहत गेली. हिरवी, कोवळी, देठासकट. सुकलेलं पान आपलं आपण पडतं. हिरवं पान पडायला वर कुणीतरी झोडपायला लागतं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. पण दरीत उभं राहून आभाळ दिसतं ते ताटाएवढं. पाणी येतं वरच्या पठारावरून, आणि परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर तिथे कधी जमतात ते खालच्या माणसाला दिसत नाही.

मामांनी काडीकडे पाहिलं. मीही पाहिलं. बसलो तेव्हा ती कोरड्यात होती. आता तिच्या बुडाशी पाणी होतं, आणि मी तिथेच बसून असताना ते वीतभर वर चढलं. आवाज बदलला नव्हता, असं मी शपथेवर सांगितलं असतं. मामा म्हणाले, “स्पीकर बंद करा.” बंद झाल्यावर कळलं, की आवाज बदललेला आहे. मघाची झटकलेली चादर आता फाटत होती. पाण्याच्या बुडातले दगड दिसेनासे झाले होते.

“पान्याचा चहा झालाय,” मामा उठत म्हणाले. “चला मागं.”

नवशिक्यांसाठी आता मुख्य पायरी. वाटाड्या ‘मागे चला’ म्हणाला की वाद घालावा. त्यासाठी आमच्याकडची वाक्यं देतो, हवी ती वापरा. “वीस मिनिटं तर राहिलीत.” “एवढ्या लांबून आलो.” “पटकन एक फोटो काढून येतो, तुम्ही इथेच थांबा.” “मामा, ऊन पडलंय बघा.” आणि सगळ्यांत भारी, लॅपटॉपवाल्याचं: “ॲपवर पाऊस दाखवत नाहीये.” हे म्हणताना त्याच्या मोबाइलला भिऱ्यापासून रेंज नव्हती. ॲप सकाळचं आभाळ दाखवत होतं. मामांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. ते दोर सोडत ओढ्यात उतरले सुद्धा. आपण वाद घालतोय आणि समोरचा निघून गेलाय, यापेक्षा मोठा युक्तिवाद मी ऐकलेला नाही. आम्ही मागोमाग गेलो.

दुसरा ओढा निभावला, गुडघ्याच्या खाली होता. मात्र पहिल्या ओढ्यावर पोहोचेपर्यंत अर्धा तास गेला. सकाळी जिथे घोटे भिजले होते तिथे मांडीएवढं पाणी होतं, रंग खरंच चहाचा, वर फेस आणि काटक्या. मामांनी दोर दोन्ही काठांच्या झाडांना ताणून बांधला आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला कुणीतरी पाय कसा टाकायचा ते शिकवलं. तोंड प्रवाहाकडे. दोन्ही हात दोरावर. सॅकचे पट्टे सैल, कमरेचा पट्टा सोडलेला, म्हणजे पडलाच तर ती तुम्हाला घेऊन जाणार नाही. पाय उचलायचा नाही, घसटत न्यायचा, एक टेकल्याशिवाय दुसरा हलवायचा नाही. पाण्याकडे टक लावून बघायचं नाही, चक्कर येते. ओढा पंधरा पावलांचा होता. पंधरा पावलांत मला माझ्या विम्याचा हप्ता, आईचा फोन आणि त्या होमगार्डचा काकांबद्दलचा प्रश्न, एवढं सगळं आठवलं. मधोमध एक मोठा धोंडा बुडात सरकला. तो दिसला नाही, फक्त तळपायाला जाणवला, शेजारच्या खोलीत कुणी कपाट ओढावं तसा. पांढरा एक बूट गेला. तो लॅपटॉपवाल्याचा होता. लॅपटॉप मामांच्या डोक्यावर होता, कोरडा.

गावात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. तिथे एक थेंब पडला नव्हता. पोरं क्रिकेट खेळत होती.

आणि मग ॲडमिनने उरलेल्या पैशांचा विषय काढला. धबधबा पाहिलाच नाही, तर निम्म्यात भागवू. मामा ओला दोर पिळून वेटोळं करत होते. म्हणाले, “धबधब्याचे पैसे नाय घेत मी, साहेब. वाटेचे घेतो.” तरी ॲडमिनने दोनशे कमीच दिले. आम्ही सहा जण शेजारी उभे होतो. कुणी काही बोललो नाही. गाडीत बसल्यावर मात्र सगळे बोलले.

तिसऱ्या खेपेची मार्गदर्शिका छोटी आहे, कारण त्यात चुका कमी. डिसेंबर, बुधवार, दोघेच जण, ग्रुप नाही. मामांना आदल्या दिवशी फोन केला. सकाळी साडेसहाला चालायला लागलो, ओढ्यांत दगडांवरून कोरड्या पायांनी पार झालो, आणि नऊच्या आत त्या डोहापाशी होतो. तो फोटोतल्यासारखाच दिसतो, हे थोडं निराश करणारं आहे. फोटोत येत नाही तो गारवा. कड्याच्या कुशीत ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं. आम्ही होतो तेव्हा ते कातळाच्या वरच्या थरावर होतं आणि खाली उतरायला त्याने पाऊण तास घेतला. थर स्पष्ट दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याच्या या घड्या. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी वरून एकाच जागी आदळत राहतं, दगड गरगरवतं, खालचा ठिसूळ भाग खात जातं, आणि कुंड तयार होतं. म्हणजे डोह दिसतो त्याहून आत, कड्याच्या बुडाखाली गेलेला असू शकतो.

पोहणाऱ्यांसाठी म्हणून एक सूचना. धारेच्या खालचं पांढरंशुभ्र पाणी बघून तिथे जावंसं वाटतं. पांढरं म्हणजे त्यात हवा मिसळलेली. अशा पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, आणि पडणारी धार आधी खाली दाबते, मग आत ओढते. पट्टीचे पोहणारेही इथे बुडाले आहेत. कुंडात उतरू नका असं गावकरी सांगतात, ते पाणी गढूळ होईल म्हणून नव्हे. मी काठावरच्या दगडावर बसून पाय बुडवले. दोन मिनिटांत बोटं कळेनाशी झाली. बरोबरच्या मित्राने फोटो काढला. त्यात मी शहाण्यासारखा दिसतो, म्हणून तो कुणाला पाठवलेला नाही.

परत आल्यावर मामांच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, डाळ, भात, आणि ताटाच्या कडेला मीठ. दोघांच्या सहा भाकऱ्या, मोजून. हात धुतल्यावर मी त्या दिवसाचे पैसे दिले आणि वर ऑक्टोबरचे दोनशे. मामांनी नोटा बोटाला थुंकी लावून मोजल्या, दोनशे वेगळे काढून दुसऱ्या खिशात ठेवले आणि विचारलं, “त्या साहेबांचा बूट सापडलाय. नेता का?”

बूट माझ्या गाडीच्या डिकीत आहे, डाव्या पायाचा, नऊ नंबर. तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर उजाडू द्या, पैसे निघायच्या आधी पूर्ण द्या, आणि जेवायला किती जण ते सकाळीच सांगा.